ड्रम कोण आणणार होतं?

उब्बो चार वर्षं स्वयंपाकघरात होता. म्हणजे झोपायला घरी जायचा, दिवसभर पिवळ्या सायकलवरून गावाचं टपाल वाटायचा, पण आमच्या ओस्टरवार्फ गावातल्या बंद पडलेल्या जुन्या डेअरीत गाण्याचा कार्यक्रम असला की हा आपला आत, मोठ्या पातेल्यापाशी. बाहेर बँड बदलायचे, आत मसुराचं सूप तेच. आणि हा तोच उब्बो, ज्याच्या आवाजामुळे आमचा 'ओहोटी रद्द' हा बँड एम्डेनपासून ब्रेमेनपर्यंत ओळखला जायचा. ओळखला जायचा म्हणजे शंभरेक माणसांत. आम्हा पंक रॉकवाल्यांच्या हिशेबात तेवढी म्हणजे जत्राच.

झालं होतं असं, की चार वर्षांपूर्वी ऐन गाण्यात तो शब्द विसरला. स्वतःच लिहिलेले. आम्ही सगळे एकदम थांबलो, अगदी प्रेमानं, त्याला जरा वेळ मिळावा म्हणून. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की बिअरच्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. मागून कुणीतरी गोड आवाजात "असू दे रे उब्बो" म्हणालं, आणि नेमकं तेच नको होतं. त्यानं माइक खाली ठेवला, स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आत गेला. तो गेला तो गेलाच.

मी गेशे. बेस गिटार वाजवते, गावात माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि उब्बोला मी बालवाडीपासून ओळखते. त्यामुळे त्याचा पिच्छा पुरवायचा पहिला हक्क माझा. चार वर्षं मी त्याला गळ घालत होते. यंदाच्या वसंतात तो एकदाचा कंटाळला.

"गाईन, बाई, गाईन," म्हणाला. "तीन गाणी. पण त्या दिवशी एक गोष्ट जरी बिघडली ना गेशे, तर मी समजेन की हे व्हायचंच नव्हतं. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. कध्धीच नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. काय बिघडणार होतं? कार्यक्रम रविवारी दुपारी होता. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीशी आमचा तह आहे, संध्याकाळ व्हायच्या आत सगळं गप्प. म्हणून आमच्याकडे पंकचे कार्यक्रम कॉफीच्या वेळेला होतात आणि कानात चार-चार सेफ्टी पिना लावलेली माणसं हातात सफरचंदाचा केक घेऊन येतात. चेष्टा करायची तर खुशाल करा. केक आमचे चांगले असतात.

त्या रविवारी दुपारी पाहुणे बँड आले. ब्रेमेनहून 'आत्याचा राग' आणि ओल्डेनबुर्गहून 'दात नकोत'. "मॉइन!" "मॉइन!" असे नमस्कार झाले, मिठ्या झाल्या, पाठीत गुद्दे झाले, कुणाचे केस गेले आणि कुणाचे हिरवे झाले त्यावर टोमणे झाले. मग सामान उतरवलं. आमच्यात रीत अशी आहे, की ड्रमसेट एकाच बँडनं आणायचा आणि सगळ्यांनी वापरायचा. झांजा, पायाचं पेडल आणि छोटा स्नेअर ड्रम तेवढा ज्याचा त्यानं आणायचा, कारण त्या वस्तू फुटतात, आणि त्या फुटल्या की मैत्रीही फुटते.

फोकोनं, म्हणजे आमच्या ड्रमवाल्यानं, सगळं स्टेजवर नीट मांडलं. तीन स्नेअर. तीन पेडलं. झांजा तर इतक्या, की भांड्यांचं दुकान टाकता आलं असतं. आणि मध्यभागी, जिथं ड्रमसेट असायला हवा, तिथं नुसता गालिचा.

"छान आहे गालिचा," ब्रेमेनचा ड्रमवाला म्हणाला.

"ड्रम कोण आणणार होतं?" मी विचारलं.

ब्रेमेननं ओल्डेनबुर्गकडे पाहिलं. ओल्डेनबुर्गनं फोकोकडे पाहिलं. फोकोनं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "मला वाटलं..." तिघंही एकदमच म्हणाले.

"फोको, तुझा सेट कुठाय?"

"बहिणीच्या तळघरात."

"मग आण!"

"किल्ली बहिणीकडे आहे."

"मग माग!"

"बहीण सुट्टीला मायोर्का बेटावर आहे."

"अरे गाढवा, तुझा ड्रम बहिणीच्या तळघरात काय अंडी उबवतोय का?"

तेवढ्यात आतून उब्बोचा आवाज आला, "काय रे, आवाज तपासून बघायचा नाही का? आज एवढे शहाण्यासारखे गप्प कसे?"

एक गोष्ट जरी बिघडली तर, असं ठरलं होतं. आणि इथं एक नाही, तीन बँडांचं मिळून बिघडलं होतं. मी फोकोचा दंड धरला. "आत जा. त्याला बाहेर येऊ देऊ नकोस. खोटं बोलू नकोस, तुला ते जमत नाही, कान लाल होतात. कांदे चिर आणि तोंड बंद ठेव." फोको गेला. मी डेअरीच्या दारात उभी राहून अख्ख्या जगाला शिव्या घातल्या, आणि श्वास घ्यायला थांबले तेव्हा कालव्याच्या पलीकडून आवाज आला. धडाम, धडाम, तडतड, धडाम.

रविवारी दुपारी आमच्या अग्निशमन दलाचं बँडपथक सराव करतं. त्यांच्या मिरवणुका आल्या की आम्ही वर्षानुवर्षं नाकं मुरडत आलो. त्या दिवशी मात्र मी अशी पळाले, की माझ्या बुटांनाही नवल वाटलं असेल.

पथकाच्या प्रमुख फ्राऊ ओल्टमान्स, म्हणजे ओल्टमान्सबाई. वय सत्तरीच्या घरात, पाठ सरळ, हातात चांदीच्या मुठीची छडी. निम्म्या गावाला पोहायला त्यांनीच शिकवलंय, मलाही. त्यामुळे त्यांच्यासमोर मी चाळिशीतही आपोआप पोट आत घेते.

"मॉइन, फ्राऊ ओल्टमान्स. तुमचे ड्रम हवे होते. संध्याकाळपर्यंत. जपून वापरू."

"वाद्यं सभासदांच्याच गळ्यात राहतात," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

"मग सभासदही द्या."

त्यांनी मला केसांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या त्या डेअरीत?"

"हो."

"तुमची ती आरडाओरड करायची?"

"तीच." मग मला काय झालं कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. उब्बोचं, चार वर्षांचं, आमच्या कराराचं, सगळं. सांगून झाल्यावर मला स्वतःचाच राग आला.

फ्राऊ ओल्टमान्सनी छडी काखेत मारली. "केक आहे?" त्यांनी विचारलं.

"सफरचंदाचा आहे. रुबार्बच्या आंबट देठांचाही आहे."

"होल्गर!" त्या गरजल्या. "रांग लावा!"

तुम्हाला वाटेल की ड्रम गाडीत घालून नेले असतील. छे! पथकाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायची एकच पद्धत माहीत आहे. फ्राऊ ओल्टमान्स पुढे, मागे पोटावर मोठा ड्रम बांधलेला होल्गर बेकरीवाला, त्याच्यामागे मधल्या आकाराचे ड्रम वाजवणारे दोघं, निळे गणवेश, टोप्या. बासरीवाल्यांना बोलावलंच नव्हतं, म्हणून ते रुसले आणि रुसलेल्या तोंडांनी मागोमाग आले. वाजवत, गाजवत, पावलाला पाऊल जुळवत आम्ही पुलावरून निघालो. मी बाजूनं चालायचा प्रयत्न करत होते, पण पाय ऐकेनात, तालातच पडायला लागले. डेअरीच्या दारात तीन बँड आणि सगळे प्रेक्षक उभे होते. आधी त्यांची तोंडं उघडी पडली आणि मग जो काही आरडाओरडा सुरू झाला!

त्या गोंधळात उब्बो बाहेर आला. हातात पळी, मागे डोळ्यांतून घळाघळा पाणी येणारा फोको. कांद्यानं.

उब्बोनं पथकाकडे पाहिलं, स्टेजवरच्या गालिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टपालवाला तो, न उघडता पाकिटातलं ओळखतो.

"ड्रम नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"म्हणजे बिघडलं."

"उब्बो, अरे..."

"ठरलं होतं गेशे." तो रागावलाही नव्हता, आणि तेच वाईट होतं. सुटल्यासारखा दिसत होता. पळी घेऊन तो वळलासुद्धा.

"गाणारा हाच ना?" फ्राऊ ओल्टमान्स म्हणाल्या. "उब्बो, इकडे बघ. गाणं किती मात्रांचं?"

आमच्या गावात फ्राऊ ओल्टमान्सनी विचारलं की उत्तर द्यायचं असतं, मग करार काहीही असो. "चार," उब्बो म्हणाला.

"सावकाश की जलद?"

"जलद."

"किती जलद?"

त्यानं नाइलाजानं पळीनं मांडीवर ठेका धरून दाखवला. होल्गरनं तो उचलला. मधले ड्रम मिसळले. जमिनीतून आवाज यायला लागला, पायांतून वर चढला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "बरं," फ्राऊ ओल्टमान्स म्हणाल्या. "मग असा उभा काय राहिलायस? चढ वर."

तो चढला. पळी हातात तशीच. फोको तीन स्नेअर आणि त्या सगळ्या झांजांच्या मधोमध जाऊन बसला आणि डोळे पुसत हसायला लागला. आमची गिटारवाली इन्सा एरवी बारशालाही हसत नाही, तीही हसत होती. फ्राऊ ओल्टमान्सनी छडी खाली आणली आणि आम्ही सुटलो.

गाणं आमचं जुनंच, 'रविवारी बस नाही'. पहिलं कडवं उब्बोनं असं काही फेकलं की पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. तोच आवाज! खडबडीत, रागीट, लाडका. मी आनंदानं दोन सूर चुकवले. पुढच्या कडव्यासाठी त्यानं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

मी ती नजर ओळखली. शब्द गेले होते.

माझे हात थांबले. इन्सा थांबली. फोकोनं झांजा धरून गप्प केल्या. आम्ही सगळे पुन्हा तसेच, प्रेमानं, थांबलो. उब्बोनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

पण शांतता काही झालीच नाही. धडाम, धडाम, तडतड, धडाम. होल्गर समोरच्या भिंतीकडे बघत वाजवत होता. मधले दोघंही. पथक छडी वर गेल्याशिवाय थांबत नाही, मग वाटेत घर जळत असो. आणि छडी होती केकच्या टेबलावर, रुबार्बच्या ताटाशेजारी. फ्राऊ ओल्टमान्स आमच्याकडे पाठ करून हिरव्या केसांच्या एका मुलीशी पीठ मळण्याविषयी बोलत होत्या.

उब्बो वाट बघत राहिला. बहुतेक त्या फ्रिजच्या घरघरीची. तिच्याऐवजी त्याला दिसला होल्गर, टोपीखालून घाम गळतोय, मिशी थरथरतेय, आणि जगात काही बिघडलंय याचा त्याला पत्ताच नाही. उब्बोच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग दुसरा. मग तो माइकमध्ये मोठ्यानं हसला आणि त्या हसण्याच्या शेपटीला धरूनच शब्द आले. कडवं भलतंच होतं, शेवटचं. कुणाला पर्वा होती! मी बेसवर अशी तुटून पडले की नख निघालं.

गाणं संपलं. म्हणजे आमचं संपलं, पथकाचं नाही. फोकोनं हातवारे केले, इन्सानं गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. पथक ढिम्म. मग उब्बोनं पहिल्यापासून सुरुवात केली. तेही संपलं तेव्हा त्यानं सूपच गायला घेतलं. "मसूर! कांदा! गाजर! मीठ!" आणि सगळा हॉल त्याच्यामागून बोंबलला, "मीठ!" बासरीवाल्यांचा रुसवा गेला, त्यांना चाल सापडली. ब्रेमेनवाले टोप्या पळवून नाचत होते. पंकचं गाणं दोन मिनिटांचं असतं. हे मात्र संपायचं नावच घेत नव्हतं.

शेवटी माझी बोटं जायबंदी झाली. "फ्राऊ ओल्टमान्स!" मी जीव खाऊन ओरडले. त्या वळल्या, "अगं बाई!" म्हणाल्या, बोटं पुसली आणि छडी उचलली.

उब्बोनं ते पाहिलं. तो स्टेजवरून धाडकन खाली उडी मारून माइकसकट धावत सुटला, वायरीखाली माणसं वाकली, आणि मला वाटलं, गेला हा पुन्हा आत, कारण केकचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच आहे. तो दारापाशी पोचला. त्यानं ताटातला रुबार्ब केकचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, बशीत घातला, बशी फ्राऊ ओल्टमान्सच्या एका हातात दिली, दुसऱ्या हातातली छडी काढून घेऊन तिथं कॉफीचा कप ठेवला.

"सावकाश खा हं, फ्राऊ ओल्टमान्स," तो माइकमध्ये म्हणाला. "आम्हाला कसलीही घाई नाही."

आणि तो गातच परत आला. मी रडत होते, त्यात लाज कसली. दोन्ही हात बेसवर होते, म्हणून तसंच वाहू दिलं.