तो आवाज माझा नव्हता

मी कॅचरचा मोजा बोलतोय. पायात घालायचा नव्हे, हातात घालायचा. इथले लोक मला मिट म्हणतात. बेसबॉलमध्ये समोरून चेंडू फेकतो तो पिचर, आणि फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून झेलतो तो कॅचर. त्या कॅचरच्या डाव्या हातात माझा जन्म गेला.

सध्या मी एका मोठ्या संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खोक्यात पडलोय. अंगावर कुणाचा तरी फाटका बूट आहे आणि शॅम्पूची अर्धी बाटली. हंगाम संपलाय. हंगाम संपला की या खोलीत माणसांपेक्षा खोकी जास्त होतात. कोण राहणार, कोण जाणार, कुणाचा करार वाढणार, कुणाला दुसऱ्या संघाच्या गळ्यात मारणार, हे सगळं या थंडीच्या दिवसांत ठरतं. खेळ उन्हाळ्यात होतो, पण आयुष्यं हिवाळ्यात फिरतात. हे मला पार उशिरा कळलं.

मला विकत घेतलं डॅरेल कुबिकने. अमेरिकेत नेब्रास्कातल्या, एका मोठ्या संघाच्या हाताखालच्या छोट्या संघात त्याचा पहिला करार झाला, त्याच आठवड्यात. तेव्हा मी इतका ताठ होतो की माझी बोटं मिटायचीच नाहीत. डॅरेलने मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवला, कमरेच्या पट्ट्याने करकचून बांधलं आणि स्वतःच्या गादीखाली घातलं. नवा मोजा असाच नरम करतात इथे. पण डॅरेलचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको रोंडा दर रात्री कूस बदलताना वैतागायची.

"लग्न माझ्याशी केलंस ना? मग पलंगात हा तिसरा कोण?"

"थोडे दिवस काढ गं. नरम झाला की जाईल."

"मी नरम होईन तोवर."

मग दोघं हसत बसायचे. मीही खाली चेपला जात ऐकायचो. त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही.

मला बोलता येतं ते एवढंच. चेंडू माझ्या खळगीत नेमका बसला, की 'फाट्'. तोच तळव्याच्या जाड भागावर बसला, तर नुसतं 'धप्प'. फाट् झालं की फलंदाज दचकतो, बघणारा मान वर करतो, आणि पिचरला वाटतं, आज आपल्या हातात काहीतरी आहे. माझ्या तोंडून काय निघावं हे कॅचरच्या मनगटावर असतं. डॅरेलचं मनगट असं होतं की सुमार पिचरचा चेंडूही माझ्यात शिरताना तोफ वाटायचा. कितीतरी पोरं या आवाजावर वर गेली, मोठ्या संघांत खेळली, टीव्हीवर दिसली. डॅरेल मात्र तिथंच राहिला. फलंदाजीत तो कच्चा होता, आणि पुढे त्याचे गुडघे गेले. चौतिशी आली तरी त्याने मोठ्या संघाचं मैदान आतून पाहिलं नव्हतं. त्याला एकच हवं होतं, एक दिवस. जास्त नाही. एक दिवस वर, खऱ्या मैदानावर, मला हातात घालून.

मग कोल्बी आला. कोल्बी रायनर, ओक्लाहोमाचा उंच, हडकुळा पिचर. त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली होती. कोपर बरं झालं, पण मन धजेना. कुणालाही फेकताना हात आखडायचा, फक्त डॅरेलला फेकताना नाही. संघाचा एक साहेब होता, फेरिस नावाचा. हंगाम संपताना त्याने डॅरेलला बाजूला घेतलं.

"हिवाळाभर या पोराला सांभाळ. हा वर गेला, तर याच्याबरोबर तूही वर. त्याला दुसरा कॅचर चालतच नाही, हे मी वरच्यांना सांगितलंय."

डॅरेल घरी आला आणि त्याने भर दुपारी रोंडाला उचलून गरगर फिरवलं. "अरे गुडघे," ती म्हणाली. पण तीही उतरायला तयार नव्हती.

कोल्बी हिवाळाभर त्यांच्या घरीच राहिला. रोंडाच्या वडिलांची मक्याच्या शेतावर पत्र्याची मोठी शेड होती, ट्रॅक्टर ठेवायची. त्यात दोघं रोज सराव करायचे. बाहेर बर्फ, आत कोपऱ्यात रॉकेलची शेगडी. तोंडातून वाफा निघायच्या. पहिले काही आठवडे माझ्या तोंडून 'धप्प'शिवाय काही निघालं नाही.

"कोल्बी, चेंडू फेकतोयस की शेजाऱ्याला मीठ देतोयस?"

"म्हाताऱ्या, तू आधी उठून दाखव. बसलास की क्रेन लागते तुला."

"माझं सोड. खांदा आधी, हात मागून. घाबरतोस कशाला, मी आहे ना इथे."

मी आहे ना इथे, हे तो दिवसातून कितीदा म्हणायचा कोण जाणे. हळूहळू कोल्बीचा हात सुटला. एक दिवस चेंडू आला आणि मी असा ओरडलो की पत्र्यावरची कबुतरं उडाली. कोल्बी तिथंच खाली बसला आणि रडला. डॅरेलने त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम माझी वादी घट्ट करत राहिला. त्या संध्याकाळी रोंडाने चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा झणझणीत रस्सा केला, सोबत दालचिनीचे गोड रोल, आणि कोल्बीने इतकं खाल्लं की त्याला पलंगापर्यंत ढकलत न्यावं लागलं.

नाताळ जवळ आला तेव्हा फेरिससाहेबांचा निरोप आला. उद्या कोल्बीला बघायला माणसं घेऊन येतो. आणि माणसं आपल्या संघाची नव्हती, दुसऱ्या एका मोठ्या संघाची होती.

डॅरेलला लगेच कळलं. पोराला विकायला दाखवतायत. कोल्बी त्या संघात गेला तर 'याच्याबरोबर तूही' हे सगळं हवेत विरणार. तिकडे त्यांचे कॅचर त्यांच्याकडे आहेत. आणि कोल्बी गेल्यावर इथे तरी या गुडघ्यांना कोण विचारतंय? त्याला ठेवलं होतं ते कोल्बीसाठी.

सकाळी कोल्बी अंघोळीला गेला होता. रोंडा कॉफी ओतत होती. मी टेबलावरच होतो.

"डॅरेल, एक बोलू?"

"बोल."

"तो मोज्याचा आवाज. तू थोडा दाबलास, तर कुणाला कळणारही नाही."

डॅरेलने मला जवळ ओढलं.

"मी वाईट बाई नाही रे," ती म्हणाली. "त्या पोराचा मला लळा आहे. पण त्याच्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय. त्याला पुढच्या वर्षी आपले लोक वर नेतीलच. तुझं काय? तुला किती वर्षं बघतेय मी."

"माहितेय गं."

एवढंच बोलला तो. मला उचललं, अंगठ्याच्या मुळाशी तेलाचं बोट फिरवलं आणि निघाला.

शेडमध्ये जाड कोट घातलेली तीन माणसं उभी होती. डॅरेल बसला. गुडघे कडकडले. कोल्बीने पहिला चेंडू टाकला, आणि माझ्या पोटात शिरेपर्यंत मला खरंच ठाऊक नव्हतं की माझ्या तोंडून काय निघणार. मनगट थोडं वळलं असतं, तर धप्प. तो एकदम सोपा मार्ग होता.

फाट्.

आयुष्यात मी इतका मोठ्याने कधी बोललो नव्हतो. आणि मग थांबलोच नाही. चेंडूमागून चेंडू, डॅरेलने प्रत्येक नेमका खळगीत घेतला. पत्रे थरथरत होते. कोटवाल्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "याचा हात मोडला होता म्हणता?" आणि दोघं हसले. फेरिससाहेब डॅरेलकडे न बघता बाहेर गेले.

घरी आल्यावर रोंडाने विचारलं, "कसं झालं?"

"पोराने झकास फेकलं," डॅरेल म्हणाला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याच्या गुडघ्यांसाठी बर्फ आणला.

आठवड्यात सौदा झाला. कोल्बीच्या बदल्यात तिघं येणार होते. कोल्बी लालबुंद होऊन स्वयंपाकघरात येरझारा घालत होता.

"मी त्यांना सांगतो. डॅरेल नसेल तर मी येत नाही."

"तुला विचारायचं असं तुझ्या करारात लिहिलंय का? नाही ना? मग खाली बस आणि खा."

"तू तरी राग काढ ना माझ्यावर."

"राग कसला रे गाढवा. त्यासाठीच तर फेकत होतास."

दोन दिवसांनी डॅरेललाही फोन आला. फेरिससाहेबांचा नव्हे, कुणा नव्याच मुलीचा. डॅरेल सिंकपाशी उभा राहून नुसता हो, हो म्हणत होता. "हो. समजलं. नाही, काही हरकत नाही. तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा." फोन ठेवून त्याने रोंडाला सांगितलं, करार वाढवत नाहीयेत. पुढे त्याने स्वतः दहा ठिकाणी फोन लावले. सगळे गोड बोलले. वय विचारलं की आणखी गोड बोलायचे.

फेब्रुवारीत कोल्बी नव्या संघाकडे निघाला. सामान गाडीत भरून निरोप घ्यायला दारात उभा होता. डॅरेल आत गेला आणि मला घेऊन आला.

"हा ने. तिथल्या कॅचरला सांग, तुला याची सवय आहे."

"अरे, तुझा आहे तो," रोंडा म्हणाली.

"मी काय करू त्याचं? सोमवारपासून धान्याच्या कोठारावर जायचंय, तिथे काय झेलू? मक्याची पोती?" मग तो कोल्बीला म्हणाला, "मी नाही गेलो, तर हा तरी जाऊ दे वर."

कोल्बीला नाही म्हणता आलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही. असो.

तिथला कॅचर टीग नावाचा तरुण होता. मुलगा चांगला होता हो, त्याला बोल लावणार नाही. कोल्बीने सगळं सांगितलं, तसा त्याने आदराने मला घातलं. बोटं आत सरकवली, हलवून पाहिली आणि परत काढली.

"यात आधीच कुणाचा तरी हात आहे," तो म्हणाला. "माझा बसत नाही."

खरं होतं ते. इतक्या वर्षांत डॅरेलचा हात माझ्या आत उमटला होता. टीगने त्याचा स्वतःचा मोजा उचलला आणि मी कोल्बीच्या कपाटात, वरच्या फळीवर गेलो. मोठ्या संघाचं मैदान त्या खोलीच्या भिंतीपलीकडे होतं. लोकांचा गलका ऐकू यायचा.

पहिला सामना कोल्बीने जिंकून दिला. आत येऊन तो घाम पुसतोय तोच फोन वाजला. डॅरेल इतक्या जोरात बोलत होता की मला फळीवर ऐकू आलं.

"पोरा, टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा केला होता. रोंडाला म्हटलं, ऐक, तो माझा मोजा. माझाच होता ना?"

कोल्बीने वर माझ्याकडे पाहिलं. 

"हो रे म्हाताऱ्या," तो म्हणाला. "तुझाच."

मग प्रत्येक सामन्यानंतर फोन. कोठारावरचे सगळे कामगार आता सामना बघतात, डॅरेल सांगायचा. साहेबाने जेवणाच्या खोलीत टीव्ही लावून दिलाय. सगळे म्हणतात, कुबिक, तुझा मोजा काय बोलतो रे. कोल्बी हसायचा, आणि फोन ठेवला की चेहरा टॉवेलमध्ये घालून बसायचा. एकदा डॅरेल म्हणाला, "आवाज जरा कोरडा येतोय. तेल कमी पडतंय. त्या पोराला सांग, अंगठ्याच्या मुळाशी लावायचं, बाकी नको."

"सांगतो," कोल्बी म्हणाला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर त्याने मला खाली काढलं. अंगठ्याच्या मुळाशी तेल लावलं. एक मूठ आवळून माझ्या खळगीत मारली. मी बोललो. रिकाम्या खोलीत तो आवाज जेमतेम दारापर्यंत गेला. कोल्बीने मला परत वर ठेवलं.

या हंगामात त्याचं कोपर पुन्हा दुखायला लागलं. हंगाम संपताच त्याला आणखी कुणाबरोबर तरी बांधून दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. त्याने कपाट रिकामं केलं. बूट, टोप्या, घरचे फोटो पिशवीत भरले. मला हातात घेतलं, पिशवीत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. शेवटी फळीवर ठेवून तो निघून गेला. मला घेऊन तो डॅरेलच्या दारात जाऊ शकत नव्हता, आणि मला घेऊन दुसरीकडे कुठेही जाऊ शकत नव्हता. त्याच्यावर माझा राग नाही.

आज खोली साफ करायला आलेल्या माणसाने दारावरची नावं उतरवली, कपाटं झाडली आणि मला या खोक्यात टाकलं. उद्या खोकी उचलतील म्हणे. कुठे नेणार ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे आणि मला त्याचं फारसं काही वाटत नाही. माझं कातडं म्हातारं झालंय. एक आतला हात तेवढा अजून तसाच आहे.

तुमच्याकडे एवढंच मागणं. कधी नेब्रास्काच्या त्या गावी गेलात, तर धान्याच्या कोठारावर एक माणूस भेटेल, जिने चढताना कठड्याला धरून चढणारा. तो तुम्हाला आपणहून सांगेल, की मी कधी वर गेलो नाही, पण माझा मोजा वर खेळलाय, मी कानांनी ऐकलंय. तुम्ही त्याला हो म्हणा. म्हणा, आम्हीही ऐकलाय.