आवाज बाहेर न जाणारी खोली

मला आनंद लपवता येत नाही. हा माझा दोष सासूबाईंनी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात शोधून काढला. रविवारी चर्चमध्ये मी गायला लागले की पुढच्या तीन रांगा वळून बघतात आणि सासूबाई गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसतात. "अगं, देवावर प्रेम करावं," घरी आल्यावर त्या म्हणतात, "पण असं चारचौघांत?" त्यांच्या मते भक्ती बनियनसारखी असावी. रोज घालावी, पण दिसू नये.

मी कानांच्या दवाखान्यात काम करते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना बंद खोलीत बसवायचं, बाहेरून माईकवर शब्द म्हणायचे, आतल्या माईकवरून त्यांचं उत्तर कानाला लावून ऐकायचं आणि त्यांना किती ऐकू आले ते लिहायचं, हे माझं काम. 'वाट', 'लाट', 'पाठ', 'गाठ' असे सारखे वाटणारे पंचवीस शब्द, प्रत्येकाला तेच आणि त्याच क्रमानं. 'पाठ' म्हटलं की समोरचे काका ठणकावून 'लाथ' म्हणतात, आणि मला हसू दाबत शून्य लिहावं लागतं. असली नोकरी जगात दुसरी नसेल! मी तिच्यावर अगदी जीव टाकते.

पण पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. एका काकांच्या कानात नवं मशीन बसलं, बायकोचा आवाज नीट ऐकून ते रडायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रभूचे आभार!" आमच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं.

"मशीन कोणी बसवलं?"

"तुम्ही, मॅडम."

"मग आभार भलत्याच माणसाचे का मानतेस? हे बघ, घरी तू काय करतेस ते तुझं तू बघ. इथे पेशंटशी देवाबद्दल एक शब्द नको. मी शास्त्र शिकलेय, दवाखाना त्यावर चालतो. सहा महिने तू तात्पुरती आहेस. एवढं पाळलंस तर कायम करीन."

मी मान डोलावली. तरी दवाखानाभर बातमी पसरली. कानाचे साचे बनवणाऱ्या आमच्या साचेवाल्यानं तर माझं बारसंच केलं. "काय हालेलुया, चहा घेणार?" असं तो रोज विचारायचा आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचा. मला राग यायचा नाही. नाव तसं गोड आहे.

दिलेला शब्द मी पाळला. पेशंटशी हवापाण्याच्या पुढे गेले नाही. पण प्रार्थनेला कोणी बंदी घातली नव्हती, आणि चाचणीची खोली तर तिच्यासाठीच बांधल्यासारखी होती. जाड दार, भिंतींना स्पंज, आतला आवाज बाहेर जात नाही. डबा खाल्ला की मी आत शिरायचे, दार लावायचे आणि मोठ्यानं बोलायचे. मनातल्या मनात केली तर मला डुलकी लागते. त्या दिवशीचे सगळे पेशंट नावानिशी घ्यायचे. साचेवाल्याला सुबुद्धी मागायची. आणि शेवटी, "प्रभू, मॅडमचा राग थोडा कमी कर. माणूस सोन्यासारखं आहे, पण तापतं फार लवकर."

पाचव्या महिन्यात दवाखान्यात एक नवी सोय आली. बाहेर बसायच्या खोलीत गालिच्याखालून एक तार फिरवली. पेशंटनं आल्याबरोबर आपल्या मशीनचं एक बटण दाबायचं. मग काउंटरच्या माईकवरून नाव पुकारलं की ते थेट त्याच्या कानात वाजायचं. ज्यांचे कान धड आहेत त्यांना त्या तारेतलं काहीच कळायचं नाही. जोडाजोड साचेवाल्यानं केली.

आणि त्याच सुमारास चमत्कार झाला.

पंचवीसपैकी दहा शब्द सांगणाऱ्या आजी एकवीस सांगू लागल्या. लाथवाले काका बावीसवर गेले. मॅडम हरखल्या. त्यांनी महिन्यापूर्वीच सगळ्यांच्या मशीनचं सेटिंग नव्या पद्धतीनं बदललं होतं. ही त्याचीच कमाल, असं त्यांनी ठरवलं आणि शुक्रवारी डॉक्टरांच्या मोठ्या सभेत ते मांडायचंही पक्कं केलं. मी मात्र बंद खोलीत अक्षरशः नाचले. कारण ही कमाल कोणाची ते मला ठाऊक होतं! साचेवाल्यापाशी मला राहवलं नाही. तो काही पेशंट नव्हता.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हालेलुया," तो म्हणाला.

"आणि कावळ्याला पाठवलं कोणी?" मी म्हटलं. मी दिवसभर हवेत होते.

गुरुवारी सकाळी त्याच एकवीस शब्दवाल्या, शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. मी त्यांना खोलीत बसवलं, बाहेर येऊन माईक हातात घेतला आणि पहिला शब्द म्हटला, "वाट."

"वाट," आजी म्हणाल्या. "लाट. पाठ. गाठ. काठ."

मी अजून दुसरा शब्द म्हटलाच नव्हता. मी धावत आत गेले, त्यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि विचारलं, "आजी, तुम्हाला पुढचे शब्द कसे कळले?"

"अगं, बाहेर बसलं की ऐकू येतात ना. आत जो बसलेला असतो तो म्हणतो, आम्ही पाठ करतो. काका तर वहीत लिहून घेतात." मग त्यांनी माझा गाल कुरवाळला. "आणि पोरी, दुपारची तुझी प्रार्थना फार गोड असते हो. आम्ही चारपाच जणी मुद्दाम लवकर येऊन बसतो. मॅडमचा राग झाला का गं कमी?"

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना मशीनसकट होते! मी बाहेर येऊन काउंटरखालची जोडणीची पेटी पाहिली. आतल्या खोलीतल्या माईकची एक पिन थेट त्या गालिच्याच्या तारेला जोडलेली. साचेवाल्याला दाखवली तर तो डोकं खाजवत म्हणाला, "सॉकेट रिकामं होतं. मला रिकामं बघवत नाही." दिवसभर लोकांच्या कानात लगदा भरणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची?

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता रडू फुटलं. माझा चमत्कार गेला होता. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी नाचले ती नुसती कॉपी होती.

साचेवाला माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि चक्क कुजबुजला, "पिन काढून टाक. कोणाला काय कळतंय? मॅडमची सभा होईल, तू पुढच्या आठवड्यात कायम होशील. चमत्कारही तुझ्याकडेच राहील, मी हसणार नाही."

मोह झाला. खोटं कशाला सांगू, चांगला घसघशीत झाला. पण ज्याच्याशी मी रोज दार लावून बोलते, त्याच्यासमोर हे कुठलं तोंड घेऊन बसणार होते? आणि आजींना खरं तर अजून नीट ऐकू येत नव्हतं. त्यांचं मशीन नीट करायला हवं होतं. मी तशीच उठून मॅडमच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. तार, शब्द, वही, प्रार्थना, माझा चमत्कार. रागाचा भागसुद्धा.

मॅडम ताडकन उठल्या. त्यांनी स्वतः पिन काढली, नवे पंचवीस शब्द लिहिले आणि आजींना पुन्हा खोलीत बसवलं. उजव्या कानाला अकरा आले. डाव्याला एकही नाही.

मॅडमनी फोन करून उद्याचं भाषण रद्द केलं. मग माझ्याकडे बघितलं. "गप्प बसली असतीस तर तुझा देव जिंकला असता."

"खोटं बोलून जिंकायची त्याला गरज नाही, मॅडम," मी म्हटलं. आवाज इतका कापत होता की मलाच तो नीट ऐकू आला नाही.

"जा घरी. उद्या बघते."

घरी मी सासूबाईंना सांगितलं की नोकरी बहुतेक गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाटलं, आता म्हणतील, 'तरी मी सांगत होते.' पण त्यांना वहीत शब्द लिहिणारे काका डोळ्यांसमोर आले आणि त्या अशा हसत सुटल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग म्हणाल्या, "बरं केलंस सांगून टाकलंस ते." सासूबाईंकडून एवढं म्हणजे दंडवतच.

शुक्रवारी दुपारी मी सवयीनं प्रार्थनेला आत गेले. बाहेर आले तर बाहेरच्या खोलीत आजी बसलेल्या, हातानं मशीन ठोकत होत्या. शेजारी मॅडम उभ्या होत्या, बहुधा सेटिंग बघायला आलेल्या.

"आज काहीच ऐकू आलं नाही गं," आजी मोठ्यानं म्हणाल्या. बहिऱ्या माणसाला हळू बोलताच येत नाही. "बिघडलं का? काल मॅडम म्हणाल्या नवं मशीन लागेल, तर मुलगा म्हणाला, या वयात कशाला. मी रडले बघ. म्हटलं, तुझ्याकडून ऐकून बरं वाटेल. माझ्यासाठी तेवढं म्हण ना, इथेच."

खोलीत आठ माणसं होती. साचेवाला दारात येऊन थबकला. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा. पेशंटशी एक शब्द नको, हे वाक्य मला सहा महिने पाठ होतं. पण आजींनी माझा हात धरला होता आणि तो सोडवून घेणं मला जमलं नसतं. गेली तर गेली नोकरी, म्हटलं. मी गुडघ्यांवर बसले, मॅडमपासून लांबची बाजू निवडली आणि आजींच्या डाव्या कानात कुजबुजायला सुरुवात केली, "प्रभू, या आजी..."

"थांब," मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटले.

"डावा कान पूर्ण गेलाय त्यांचा. काल आकडे तूच लिहिलेस ना?" मॅडमचा आवाज चांगलाच तापला होता. "कायम नोकरीवरच्या माणसाला एवढं कळायला नको? उजव्या बाजूला ये. आणि जरा मोठ्यानं बोल, त्यांना ऐकू येत नाही."