सैल आलेली चादर

एक मोठी पांढरी चादर डोळ्यांपुढे आणा. तुमच्या पलंगावरची नव्हे, हॉटेलातल्या रुंद पलंगाची, कपडे वाळवायच्या यंत्रातून आत्ताच निघालेली, हाताला चटका बसेल इतकी ऊन. आता तिची घडी घालायची आहे. एकट्याने करून बघा. एक टोक हातात येतं तोवर दुसरं जमिनीला लागतं, आणि जमिनीला लागलेली चादर पुन्हा धुवायला जाते. म्हणून या कामाला माणसं दोन लागतात. इकडची दोन टोकं एकाने धरायची, तिकडची दुसऱ्याने. दोघांनी मागे झुकून ताण द्यायचा आणि एकदम झटका मारायचा. चादर टाळी वाजावी तशी वाजते आणि सुरकुत्या पळून जातात. मग टोकाला टोक जुळवत एकमेकांकडे चालत यायचं, अगदी तोंडासमोर तोंड येईपर्यंत.

आलं डोळ्यांपुढे? मग त्या चादरीच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या करा. या दोघी जावा, म्हणजे दोन सख्ख्या भावांच्या बायका. लॉंड्रीत त्यांना सगळे मोठी आणि धाकटी म्हणत. दोघींचा हात इतका जमलेला होता की मॅनेजर नवीन बायकांना आणून त्यांच्यासमोर उभं करी आणि म्हणे, बघा, असं. दोघी दिवसभर बोलत असत आणि हात आपले चालत असत. धाकटीला तर चादरीच्या ताणावरून समजे की मोठीचं आज डोकं दुखतंय, किंवा घरी नवऱ्याशी वाजलंय.

मोठीला तीन मुली. पहिली शाळेत जाणारी, मधली जाईन जाईन म्हणणारी आणि तिसरी नुकती चालू लागलेली. पहिलीला सगळे बटण म्हणत, कारण धुवायला आलेल्या कपड्यांतून गळून पडलेली बटणं गोळा करायचा तिला नाद होता. शाळा सुटली की ती लॉंड्रीत येई आणि दाराजवळच्या बाकावर बसून अभ्यास करी.

धाकटीला मूल नव्हतं. दवाखाने झाले, औषधं झाली, सल्ले देणारेही देऊन देऊन थकले.

तिसरीच्या वेळी मोठी आजारी पडली. ताप हटेना. तेव्हा त्या एवढ्याशा जिवाला धाकटीने सांभाळलं. बाटलीने दूध पाजलं, न्हाऊ घातलं, छातीशी धरून निजवलं. मोठी उठती झाली तशी धाकटीने बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं, पण तिचे हात काही लगेच खाली गेले नाहीत. बाळ धरल्यासारखे तसेच राहिले. ते बघून मोठी बोलून गेली, "पुढचं तुझं. दवाखान्यातून थेट तुझ्या मांडीवर."

धाकटी हसली. आधी हिला तर रांगू द्या, म्हणाली. पण शब्द तिने जपून ठेवला. पुन्हा कधी काढला नाही, यावरूनच मोठीला कळायला हवं होतं की तो किती जपून ठेवलाय.

आता पुढचं नीट ऐका. मोठीला चौथं मूल नको होतं. डॉक्टरांनी काही भीती घातली नव्हती. तब्येत चांगली आहे, असंच त्या म्हणाल्या होत्या. पण मोठी थकली होती. पहिल्या दोघी तिच्या पदराला आणि तिसरी कडेवर, यात तिचं स्वतःचं असं काही उरत नव्हतं. पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून, या विचारानेच तिच्या अंगावर काटा येई. आणि मूल दुसरीला द्यायचं असलं, तरी नऊ महिने वाढवायचं तिच्याच पोटात, आणि मग हातातून सोडायचं. तेही तिला जमलं नसतं.

म्हणून तिने ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. बायका आपसात त्याला नुसतं ऑपरेशनच म्हणतात. बाईच्या पोटात दोन बारीक नळ्या असतात, बाळाची सुरुवात तिथे होते. डॉक्टर त्या नळ्या बंद करतात. मग पुन्हा मूल होत नाही. बाकी बाई आधी होती तशीच राहते. असंच ऑपरेशन पुरुषांचंही होतं, आणि ते याहून सोपं असतं. डॉक्टरांनी तेही सांगून पाहिलं. पण मोठीचा नवरा म्हणाला, मला गाडी चालवायची असते. म्हणजे मी घरात पाय पसरून बसते वाटतं, असं मोठी म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

धाकटीला मात्र तिने सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत दवाखान्यात जायचा दिवस उजाडला. मग तिने थाप मारली, की माझ्या आईचे गुडघे फार दुखतायत, दोन दिवस तिच्याकडे जाऊन येते. धाकटीने तिन्ही मुलींना ठेवून घेतलं. वर मोठीच्या पिशवीत मलमाची बाटली घातली आणि बजावलं, आजींना सांगा, झोपताना लावायचं आणि वर फडकं गुंडाळायचं.

ती बाटली दवाखान्याच्या खाटेखाली पिशवीत पडून राहिली.

शेजारच्या खाटेवर एक भाजीवाली होती. दुकान बंद केलं बाई एकदाचं, म्हणून ती हसली आणि टाके ओढले तशी लगेच कळवळली. पलीकडे एक मास्तरीण भिंतीकडे तोंड करून रडत होती. नर्सने विचारलं तर म्हणाली, ठरवलं मीच, कुणी जबरदस्ती नाही केली, तरी रडू येतंय. मोठी ना हसली ना रडली. तिला हलकं वाटत होतं. आणि हलकं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, काही आठवडे जड उचलायचं नाही, ओढायचं नाही. पण जास्त दिवस घरी बसलं तर धाकटी विचारणार. म्हणून टाके ओले असतानाच मोठी कामावर गेली.

पहिलीच चादर त्यांनी धरली. धाकटी मागे झुकली. मोठी झुकायला गेली आणि पोटात अशी कळ आली की तिने हात सैल सोडले. चादर वाजलीच नाही. मध्ये नुसती पोट आल्यासारखी लोंबली. दुसरीही तशीच. तिसऱ्या चादरीला धाकटी टोकं जुळवत जवळ आली, मोठीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, चादर सैल येतेय तुमची."

मोठी म्हणाली, प्रवासाने अंग आंबलंय.

"बटणाच्या वेळी अशीच येत होती. मधलीच्या वेळी पण. आणि तिसरीच्या वेळीही. दर वेळी मीच होते या टोकाला." धाकटीचे डोळे चमकत होते. "कितवा महिना?"

आता बघा, इथे मोठीने नाही म्हणायचं होतं. नाही, एवढा एकच शब्द. तो जिभेवर आलाही होता. पण नाही म्हटलं की मग काय झालंय, हा प्रश्न आला असता. मोठीने खाली बघितलं. हे गप्प राहणं जरा लांबलं, आणि धाकटीने त्याचा अर्थ हो असा घेतला.

तिने आरडाओरड केली नाही. लोकांची दृष्ट लागू नये म्हणून कुणाला सांगितलंसुद्धा नाही. फक्त त्या दिवसापासून मोठीला तिने गाठोडं उचलू दिलं नाही. ओल्या चादरींचं गाठोडं म्हणजे आडदांड माणसाच्या कमरेतही उसण भरावी. मोठीच्या वाटची गाठोडी धाकटी उचली आणि वर म्हणे, बसा हो, पाय सुजतील. दुपारी स्वतःच्या डब्यातलं निम्मं तिला वाढी. लॉंड्रीतल्या बायका चेष्टा करत, आमची जाऊ अशी का नाही, आमची तर पाणी मागितलं तर नळ दाखवते.

आणि मोठी बसत असे. सगळ्यात वाईट तेच होतं. तिच्या टाक्यांना ते बरं वाटत होतं. रोज सकाळी ती ठरवी की आज सांगायचं, आणि रोज समोर ते जड गाठोडं येई, धाकटी ते उचलून नेई, आणि मोठीचं सांगणं राहून जाई. जखम भरत चालली होती. जेवण मात्र ताटात तसंच राही. मधलीने एकदा विचारलंसुद्धा, आई, तू नुसती पोळीकडे बघत का बसतेस?

एका संध्याकाळी बटण काकूकडे जाऊन आली. हात धुताधुता सांगू लागली, की काकूने शिलाई मशीन कोपऱ्यातून काढून दाराशी नेलंय. शेजारणी कपडे शिवायला टाकायला आल्या तर काकू म्हणाली, आता नाही घेत, पुढे मला वेळ मिळायचा नाही. "आणि मला विचारत होती," बटण म्हणाली, "खिडकी पाळण्यातल्या बाळाच्या डोक्याशी बरी की पायाशी. आई, कुणाचं बाळ?"

मोठीने तिला जेवायला बसवलं. बाळ नाहीये, म्हणाली. मग काकूला सांग ना, असं बटण म्हणाली आणि भात कालवू लागली. मुलांना कधीकधी गोष्टी फार सोप्या दिसतात. आणि कधीकधी त्या खरंच तेवढ्या सोप्या असतात, पण म्हणून काही त्या करायला सोप्या होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कामाचा जोर ओसरला होता. बटण शाळेतून येऊन बाकावर बसली होती. दोघी जावा शेवटच्या चादरी घेत होत्या. धाकटी सांगत होती, की वेळ आली की मी सुट्टीच टाकणार, मॅनेजरला आधीच सांगून ठेवते. ती वळून खरंच मॅनेजरच्या खोलीकडे बघू लागली तेव्हा मोठी म्हणाली, थांब. चादर त्यांच्यामध्ये पूर्ण ताणलेली होती.

"मला दिवस नाही गेलेत. मी आईकडे नव्हते गेले. मी ऑपरेशन करून घेतलंय."

धाकटीने चादर सोडली नाही. ताणही कमी केला नाही. तिने विचारलं, "जिवावर बेतलं होतं का काही? डॉक्टर म्हणाल्या का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर धाकटी तिथेच चादर टाकून तिच्या गळ्यात पडली असती. मोठीला ते ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "मलाच नको होतं."

वाळवणीचं यंत्र गरगरत होतं. धाकटी टोकं जुळवत एकेक पाऊल पुढे आली. दोघी समोरासमोर आल्या.

"तुमचं अंग, तुमची मर्जी," धाकटी म्हणाली. "मी नको म्हटलं असतं का? रडले असते चार दिवस. पण मला आधी सांगायचं होतंत, ताई." तिने मोठीच्या हातातली टोकं स्वतःच्या हातात घेतली. "आणि सांगितलं नाहीत ते एक वेळ सोडा. माझ्याकडून गाठोडी उचलून घेत राहिलात."

मोठीने रिकामे झालेले हात पदराला पुसले.

"आजींचे गुडघे कसे आहेत?" धाकटीने विचारलं. "लागू पडलं का मलम?"

मोठीने मान खाली घातली. माझं चुकलं, असं ती म्हणाली, पण यंत्राच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. चुकीची माफी मागायला गेलं की शब्द नेहमी तोकडे पडतात, आणि तिचे तर दोनच होते. धाकटीने चादरीची शेवटची घडी घातली, हाताने सपाट केली आणि नीट ढिगावर ठेवली. मग ती गेली. ना धावत, ना दार आपटत. पण इतकी आपल्याच तंद्रीत, की कामावर घालायचे ओले रबरी बूट तिने काढलेच नाहीत. तशीच रस्त्यावर उतरली. दारापासून फरशीवर पाण्याचे ठसे उमटले होते.

मोठीने तिच्यामागे जायला पाऊल उचललं. पण जाऊन काय सांगणार? सगळं तर सांगून झालं होतं, आणि तेच तर लागलं होतं. ती रिकाम्या टेबलाला धरून उभी राहिली. आता पोट दुखत नव्हतं, तरी तिने हात पोटावरच ठेवला होता.

बटण हे सगळं बाकावरून बघत होती. तिने पुस्तक मिटलं. मोठ्या माणसांचं तिला किती समजलं, कोण जाणे. पण दाराशी काकूच्या चपला राहिल्यात आणि खुंटीवर तिचा डबा अन् छत्री, हे तिला दिसत होतं. तिने आईकडे पाहिलं. आई टेबलाशीच उभी होती. मग बटणने स्टुलावर चढून डबा आणि छत्री काढली. डबा एका हातात, छत्री दुसऱ्या हातात. चपला घ्यायला हातच उरला नाही. तेव्हा तिने आपल्या चपला तिथेच सोडल्या, काकूच्या मोठ्या चपलांत पाय घातले आणि फटक फटक वाजवत, पडता पडता सावरत, ओल्या ठशांच्या मागोमाग काकूच्या घराच्या दिशेने चालू लागली.