घर कोणाच्या वाटेवर

फरहान पाथरवटाचा मुलगा नायिफ, नायिफचा मुलगा हिकमत, आणि हिकमतच्या दोन मुली, इनाम व रुदैना. या घराण्यात माणसाने घर कुठे करावे याचा नियम ठरलेला होता. फरहान सल्तच्या डोंगरात दगड फोडीत असे. त्याचे घर खाणीच्या इतके कडेला होते की सुरुंग लावण्याआधी बायकोला फळीवरची भांडी उतरवून ठेवावी लागत. नायिफ अम्मानला येऊन रेल्वेत लागला आणि स्टेशनच्या कुंपणाला पाठ लावून त्याने दोन खोल्या घेतल्या. हिकमत अश्रफियेच्या टेकडीवर एका बेकरीत भट्टीवर होता. त्याचे बिऱ्हाड बेकरीच्या मागच्याच गल्लीत. "काम दारात तर बरकत घरात" हे या घराण्याचे वचन. जो मनुष्य रोज रस्त्याला वेळ देतो त्याचे आयुष्य रस्ताच खातो, असे नायिफ म्हणत असे, आणि त्याला खोटे पाडण्याची कोणाची छाती नव्हती.

ते वचन मोडले इनामने. आई आधीच गेली होती. बाप गेला तेव्हा इनाम एकोणीस वर्षांची होती आणि रुदैना सहा. काम मिळाले ते शहराबाहेर, सहाबच्या माळावरच्या कपड्यांच्या कारखान्यात. काका म्हणाले, "सहाबलाच खोली घे." घराण्याच्या रीतीने ते बरोबरच होते. परंतु अश्रफियेच्या गल्लीत, अगदी समोर, मुलींची चांगली शाळा होती आणि रुदैना तिथे नुकतीच अक्षरे लावू लागली होती. इनाम म्हणाली, "शाळा दारात राहील. माझं मी बघेन." रुदैनाने पुढची सगळी वर्षे शाळेची घंटा ऐकून मग पायात बूट घातले. हिवाळ्यात बर्फ पडे तेव्हाही तिचे पाय कधी भिजले नाहीत.

आता रुदैना एकोणतीस वर्षांची, शहराच्या वायव्येला जुबैहात एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. इस्पितळाची गाडी तिला टेकडीवरून घेऊन जाई. इनामचे गुडघे मात्र शिवणयंत्राने आणि टेकडीच्या पायऱ्यांनी खाल्ले होते. पेन्शनला तीन वर्षे उरली होती. ती पुरी केली तर जन्माची भाकर. मध्येच बसली तर तेवीस वर्षांची मेहनत पाण्यात. आणि नेमके अशा वेळी घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरले. उन्हाळा सरता सरता जागा रिकामी करायची होती.

तेव्हापासून रुदैनाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जेवता जेवता ती उठे, खिडकीशी जाई, परत येई. कुठली टेकडी, कुठला उतार, कुठून कुठली गाडी सुटते, याखेरीज तिच्या डोक्यात काही नव्हते.

"बस की गं खाली," इनाम म्हणे. "भोवरा झालाय तुझा. पाहणाऱ्याला घेरी येईल."

एके शुक्रवारी अबू शाकिर नावाचा दलाल दोघींना जुबैहातले घर दाखवायला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर, उजेडाचे, इस्पितळापासून चालत जाण्याइतके जवळ.

"इनामबाई, वल्लाह, असं स्वयंपाकघर प्रधानाच्या बायकोलाही मिळायचं नाही," अबू शाकिर म्हणाला.

"प्रधानाची बायको स्वतः भांडी घासते का?" इनाम म्हणाली, पण तिने ओट्यावरून हात फिरवला, नळ उघडून पाहिला, आणि तिचा चेहरा उजळला. "बघ रूदा. इथं चार भली माणसं राहतात. मागणी घालायला कोणी आलं तर गाडी लावायला जागा आहे."

"आणि तू सहाबला कशी जाणार इथून?"

"जशी जाते तशी."

"तीन गाड्या बदलाव्या लागतील. आणि खाली हे जिने."

"माझे गुडघे, माझे जिने. तुला काय करायचंय?" इनाम दलालाकडे वळली. "अबू शाकिर, भाडं जरा माणसासारखं सांगा."

इनामने ठरवले की ठरले. हे रुदैना लहानपणापासून पाहत आली होती. म्हणून तिने वाद घातला नाही. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी; म्हणून तिने रविवारची रजा टाकली. जुबैहातून सहाबला पोहोचायला काय पडते ते स्वतः जाऊन पाहायचे असे तिने मनाशी ठरवले. पण त्याआधी, आज इनाम जाते ती वाट तरी कशी आहे, हेही पाहायला हवे. तेवीस वर्षांत तिने ती वाट एकदाही पाहिली नव्हती, आणि हे तिच्या ध्यानातही कधी आले नव्हते.

रविवारी इनाम नेहमीप्रमाणे अंधार असतानाच गेली. रुदैना सावकाश उठली, टेकडीच्या माथ्यावरच्या मोठ्या रस्त्याला गेली. सहाबच्या बसा खालच्या शहरातून निघून याच रस्त्याने पुढे माळाकडे जातात. थांब्यावर पाचसहा बायका उभ्या होत्या. पहिली बस आली आणि वेगही कमी न करता निघून गेली. दुसरी थोडी मंदावली. दारात लोंबकळणारा तिकीटवाला, ज्याला तिकडे सगळे कंट्रोल म्हणतात, ओरडला, "एकच जागा! एकच!" ती जागा एका परक्या पुरुषाच्या शेजारी होती, आणि तिकडे बायका अशा बसत नाहीत. आत कोणी उठून जागा बदलील तर ठीक. पण इतक्या दाटीत कोण हलणार? थांब्यावरची एकही बाई पुढे झाली नाही. मागून एक तरुण धावत आला आणि चढला.

"हे रोजचंच का?" रुदैनाने शेजारच्या बाईला विचारले.

"रोजचंच. मध्यावर राहणाऱ्याचं नशीब असंच. गाडी सुटते तिथेच भरते. आपण म्हणजे उरलंसुरलं," ती बाई म्हणाली. "कारखान्यात आहेस? नवीन दिसतेस."

"माझी बहीण आहे. इनाम. शिवणखात्यात."

"इनाम? अगं, ती इथं कधी उभी राहिली! ती खाली जाते, थेट शहरात, गाडी सुटते तिथे. तिला लेट मार्क परवडत नाही म्हणे, घरी शिकणारी बहीण आहे." मग तिने रुदैनाला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तूच का ती? अजून शिकतेसच?"

लहानपणी खिडकीतून रुदैना पाहत असे: इनाम अंधारात पायऱ्या उतरून खाली जाताना. सहाब तर वरच्या अंगाला. "तू उलटी का जातेस?" असे तिने एकदा विचारले होते. "हवा खायला," इनाम म्हणाली होती. आणि तिला ते खरे वाटले होते.

तेवढ्यात तिसरी बस आली, खचाखच भरलेली. ती थांबली नाही. पण वळणावर हळू झाली आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत रुदैनाला आपली बहीण दिसली. काचेला डोके टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडे, हातांत पर्स घट्ट धरलेली. घरातून निघून, तेवढ्या पायऱ्या उतरून, तासाभराने इनाम आपल्याच टेकडीवरून, आपल्याच गल्लीच्या तोंडावरून पुढे चालली होती. अजून निम्मी वाटही झालेली नव्हती.

रुदैना थांब्यावरून हलली ती जुबैहाला गेली नाही. तिला आता काही तपासून पाहायचे उरले नव्हते. जागा मिळेल तशी, उभ्याने, ती सहाबला गेली आणि दुपारपर्यंत तिने कारखान्याच्या मागच्या वस्तीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहून अनामत रक्कम दिली. तिथून कारखान्याचे फाटक दिसत होते. वाट सपाट होती. एकही पायरी नव्हती.

अबू शाकिरला कळवले तेव्हा तो हादरलाच. "इस्पितळातली बाई सहाबला? पोरी, तिकडचे लोक इकडे यायला नवस बोलतात!"

इनामने ऐकले तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"मला न विचारता?"

"तू मला विचारून खाली जात होतीस का? रोज? उलटी?"

इनामचा आवाज चढला. "कोणी सांगितलं तुला? त्या थांब्यावरच्या टवाळ बायकांनी? अगं, बसायला जागा मिळते म्हणून जाते मी. शहाणा माणूस तेच करील. आणि तू? तुझी इस्पितळाची गाडी सहाबला येते का? दोन बसा बदलशील, रात्रपाळीला जीव मुठीत धरशील. लग्नाची मागणी घेऊन त्या माळावर कोण येणार? मेंढपाळ?"

"मेंढपाळ आला तर निदान रस्ता तरी विचारणार नाही."

"थट्टा नको."

"थट्टा नाही करत. तुझं देणं आहे माझ्यावर, इनाम."

"देणं?" इनाम ताडकन उभी राहिली, गुडघ्याने दगा दिला तेव्हा तिने टेबल धरले, पण बसली नाही. "हिकमतच्या घरात बहिणी एकमेकींना कर्ज देत नाहीत. वाण्याचं दुकान आहे का हे? पुन्हा तो शब्द काढशील तर या घरात मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही."

पुढचे आठ दिवस ती बोलली नाही. सामान मात्र तिनेच बांधले, आणि रुदैनाने गुंडाळलेली प्रत्येक बशी पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.

सहाबला गेल्यावर रस्ता रुदैनाचा झाला. पहाटे ती माळावरून निघे. शहरात गाडी बदले, तिथून उत्तरेला. संध्याकाळी परतीच्या थांब्यावर ती कधी या पायावर, कधी त्या पायावर उभी राही. भरलेल्या बसा समोरून जात. हिवाळ्यात माळावरचा वारा कोटातून आत शिरे. वर्षभरात तिची चाल बदलली, बसमध्ये डुलकी काढायची विद्या तिला आली. इस्पितळातल्या मैत्रिणी म्हणत, "तू अजून तिकडेच राहतेस? वेड लागलंय का?" एकदा एक चांगले स्थळ आले. मुलाच्या आईने पत्ता विचारला, ऐकला, आणि पुन्हा फोन केला नाही. इनामला ते कळले. त्या रात्री तिने रुदैनाच्या डब्यात अंड्याबरोबर ऑलिव्हही घातले.

इनाम मात्र सकाळी उजाडल्यावर उठे, चहात सेजची सुवासिक पाने टाकून निवांत पिई आणि फाटकाशी चालत जाई. तिचे गुडघे बरे झाले नाहीत, पण बिघडलेही नाहीत. तिला एकदाही लेट मार्क लागला नाही. या घराबद्दल तिने चांगला शब्द काढला नाही. भिंतींना ओल आहे, शेजारीण भोचक आहे, पाणी खारट आहे. संध्याकाळी बस यायच्या वेळी मात्र ती दारात खुर्ची टाकून बसे, आणि कोणी विचारले तर म्हणे, "हवा खातेय."

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला कारखान्यातल्या बायकांनी तिला निरोप दिला. रुदैना त्या दिवशी उशिराच पोहोचली. शहरात दोन बसा चुकल्या होत्या. पाहते तो इनाम नव्या पोशाखात, हात मांडीवर, दारातल्या खुर्चीवर बसलेली.

"पेन्शनचं पत्र मिळालं," ती म्हणाली. "बस इथं."

रुदैना उंबऱ्यावर बसली.

"त्या दिवशी तू देणं म्हणालीस. मी तुला वाटेल ते बोलले. तू देणं म्हणालीस ते बरोबर होतं. रस्त्यात डोळा लागायच्या आधी रोज माझ्या मनात यायचं, ही पोरगी कधी तरी जाणील का? आजवर कबूल करायची लाज वाटत होती मला."

"पण इनाम, तुझी तेवीस वर्षं. माझी तीनच झाली."

"हिशेब सावकाराने करायचा असतो, कुळाने नाही." इनामने आपला थोरलेपणा जराही न सोडता मान उंच केली. "मी जायचे तेव्हा घरी एक लहान पोर माझी वाट बघत असायचं. तू गेलीस ती रुसलेल्या बहिणीसाठी. स्थळ गेलं तरी गेलीस. तुझं एकेक वर्ष माझ्या कितीला धरायचं ते मी ठरवणार, आणि मी ठरवलंय. सगळं फिटलं, रूदा. व्याजासकट."

रुदैनाने काही म्हणायला तोंड उघडले.

"उद्या शुक्रवार आहे," इनाम म्हणाली. "अबू शाकिरला मी सांगून ठेवलंय. जुबैहात घर बघायचं. आता काम तुझ्या दारात."