जीभ नको म्हणत होती

मित्रांनो, मी चमचा आहे. जुना, बुटका आणि रागावलेला. बाटल्यांची घट्ट झाकणे उचकटायला आता माझा दांडा वापरतात, त्यामुळे तो वाकडा झाला आहे. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळा आहे. तो मी तुम्हालाच सांगणार, कारण मोठी माणसे चमच्याचे ऐकत नाहीत. काही जण तर बाळाचेही ऐकत नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी पत्र्यावर ठसा आदळला आणि मी खणकन खाली पडलो. एका कामगार बाईने माझ्या कडा पुन्हा पुन्हा घासल्या. "बाळाच्या हिरड्यांना लागायला नको," ती शेजारणीला म्हणाली. माझ्याबद्दल कुणी बोललेले ते पहिले वाक्य. मी फुशारून गेलो. मग मला चिकटपट्टीने एका डब्यावर बसवले. डब्यात बाळांसाठीचे गोड पीठ होते, वर गुबगुबीत बाळाचे चित्र होते, आणि माझ्याशेजारी ठळक अक्षरांत छापले होते : मोफत!

तो डबा एका दवाखान्यात पोहोचला. आया जिथे बाळांना लस टोचायला घेऊन बसतात, तिथेच टेबल मांडून पिठाच्या कंपनीची एक बाई उभी होती. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणे साखरेत घोळलेले. तिच्यासमोर एक तरुण आत्या आली. कडेवर भाची होती.

ही भाची जन्मतःच लहानखुरी. हातपाय बारीक, डोळे टपोरे आणि आवाज असा, की सगळी इमारत दचकावी. वरच्या मजल्यावरचे बाळ अंगाने भरलेले, म्हणून त्याला लोक ढब्बू म्हणत आणि हिला काडी. "काय गं, काडीला उपाशी ठेवता की काय?" जिन्यात कुणीतरी हमखास विचारायचे. आत्याच्या ते जिव्हारी लागायचे. बाळाची आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. ती नुकतीच कामावर परतली होती. वडील ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असायचे. दिवसभर बाळ आत्याकडेच.

"कितवा महिना?" टेबलावरच्या बाईने विचारले.

"चौथा लागलाय."

"मग वाट कसली बघताय? आईच्या दुधानं आता भागायचं नाही. हे द्या, बघा कशी गरगरीत होते."

डब्याच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'सहा महिने पूर्ण झाल्यावर' असे छापलेले होते. तिने तो भाग हाताने झाकलेला मी पाहिला. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. मला तळपाय नसूनही.

घरी आत्याने पीठ कालवले आणि मला बाळाच्या तोंडात घातले. बाळाने जिभेने मला सरळ बाहेर ढकलले. इतक्या लहान बाळाची जीभ तेच करते मित्रांनो; तिला दुधाखेरीज काही गिळायचे अजून ठाऊक नसते. तिचे ते 'नको' होते, स्वच्छ आणि स्पष्ट.

"नखरे बघा हिचे!" आत्या लाडाने म्हणाली आणि तिने मला पुन्हा आत सारले. मी चमचा. मी कुठे अडून बसणार?

हळूहळू पीठ पोटात जाऊ लागले. गाल जरा वर आले. मग काय विचारता! जिन्यातली माणसे गाल ओढू लागली. वडील फोनवर फोटो पाहून म्हणाले, "वा! आता कशी शोभतेय!" गाल सगळ्यांना दिसत होते. लंगोट कुणालाच दिसत नव्हते. काही दिवस त्यांत शीच नसायची. मग खड्यांसारखी कडक शी व्हायची आणि बाळ पाय पोटाशी घेऊन निळेजांभळे होईपर्यंत रडायचे. "दात येत असतील," कुणी म्हणाले. "दृष्ट लागली," दुसरे म्हणाले. आई दमून यायची, पदराखाली घ्यायची, पण पोट पिठाने भरलेले. बाळ दोन घोट घेऊन तोंड फिरवायचे. आईचे दूध आटू लागले.

एकदा सकाळचे उरलेले पीठ आत्याने झाकून ठेवले आणि दुपारी गरम करून भरवले. वाया जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. संध्याकाळी आई दारात आली, तेव्हा बाळ जुलाबांनी गळून गेले होते. डोळे खोल गेलेले, टाळू खचलेली. तो दचकवणारा आवाज मांजराच्या पिलाएवढा झाला होता. आईने चपलासुद्धा काढल्या नाहीत. बाळाला उचलले आणि जिना उतरली. मागून आत्या धावली, हातात डबा आणि त्यात मी.

इस्पितळात बाळाला सलाईन लावले. डॉक्टरीणबाईंनी डबा फिरवून वाचला.

"यात साखर किती आहे, बघितलंत? आणि हे आत्ता द्यायचंच कशाला? हिच्या आतड्यात चांगले जंतू नुकते कुठे वस्तीला येतायत, ते आईच्या दुधावर पोसतात. दूध कमी केलंत आणि वर पीठ लोटलंत. पोट भरलं, पोषण झालं नाही."

आत्या भिंतीला टेकून रडू लागली. "वहिनी, मीच मारलं असतं गं हिला!"

"वन्सं, गप्प बसा," आई म्हणाली. "तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. सांगणारीला मी बघते."

बाळ सावरले, तशी आई दवाखान्यात गेली. तीच बाई, तेच टेबल, भोवती नव्या आया. आईने डबा दाणकन तिच्यापुढे ठेवला.

"मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्यानं."

"ताई, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही—"

"जबरदस्ती नाही, फसवणूक करता! वाचा म्हणते ना!"

बाईने वाचले नाही. मग आईनेच वाचले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. दोघीतिघींनी हातातले डबे टेबलावर परत ठेवले. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना बाहेर यावे लागले आणि त्या दिवशी ते टेबल उचलले गेले. मी तेव्हा आईच्या पिशवीत होतो. एवढा आनंद मला कारखान्यात चकाकी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

पुढे आई कामावर जाण्याआधी दूध काढून ठेवू लागली आणि आत्या वाटीतून ते माझ्याने पाजू लागली. सहा महिने सरल्यावर डाळ-तांदूळ मऊ शिजवून, घट्टसर कुस्करून आले, मग केळे, मग भोपळा. बिनसाखरेचे, लोह घातलेले पीठसुद्धा डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने आले. पीठ वैरी नव्हते मित्रांनो. वैरी ती घाई होती आणि ते खोटे बोलणे. आता मला पाहताच बाळ पुढे झेपावायचे आणि आ करायचे.

आज ती मुलगी अंगाने बारीकच आहे आणि जिन्याच्या पायऱ्या धडाधड उतरते.

तरीही माझा राग शमलेला नाही. अशी टेबले दुसरीकडे कुठेतरी मांडलेली असतील. म्हणून एक मागणे आहे. तुमच्या घरी, शेजारी तान्हे बाळ असेल आणि कुणी त्याला भरवायची घाई करत असेल, तर मोठ्याने विचारा, "याला सहा महिने झाले का? डॉक्टरांना विचारलं का?" कुणी म्हणेल, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. म्हणू द्या. त्याहून लहान तोंडात कुणीतरी मोठा घास कोंबत असते, आणि त्या तोंडाला अजून बोलता येत नाही.