गोलातला ट

“काका, पेढे घ्या. गाडी पक्की झाली,” सत्यशीलानं डबा टिकारामच्या पुढ्यात ठेवला. “तुमची खूण पायली अन् हो म्हणून टाकलं.”

पेढ्याकडे गेलेला टिकारामचा हात तिथंच थांबला. “कोणती गाडी? मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासून सहा महिने मी एकाई गाडीखाली गेलो नाई.”

“अशी कशी? वैशाली नगरात ओमप्रकाशच्या यार्डात उभी हाये. पांढरी पिकअप. त्यानं टॉर्च मारून दाखवलं नं मले. पिवळा गोल, अन् गोलात ट.”

टिकाराम मेश्रामनं चौतीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलमध्ये माल तपासला होता. प्लेट चांगली निघाली की पिवळ्या रंगाचा गोल आणि आत ट. खराब निघाली की लाल फुली. त्यात साहेबाचा फोन आला तरी बदल नाही. रिटायर झाल्यावर हुडको वसाहतीतला जो तो जुनी गाडी घेताना त्याला सोबत नेऊ लागला. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहा, धुऊन चकचकीत केलेल्या इंजिनाला भुलू नका, टायर एका बाजूनं जास्त झिजलेत का ते बघा, असं तो सगळ्यांनाच बजावायचा. पण खरी परीक्षा खालून. हातोडी घेऊन तो पाठीवर सरपटत गाडीखाली जायचा आणि चेसिस, म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा, ठोकत कान लावायचा. “इंजिन खोटं बोलते, रंग खोटं बोलते. चेसिस नाई बोलत,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. पसंत पडली की हात सवयीनं चेसिसवर तोच पिवळा गोल आणि ट काढून मोकळा व्हायचा. हे सगळं फुकट. वर चहाही स्वतःच्याच खिशातून.

आणि आता कुणी तरी तीच खूण चोरली होती! टिकारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्यशीला त्याच्या शेजारची, भाजीच्या धंद्यावर पोरगा एकटीनं वाढवलेली बाई. उद्यापासून तो पोरगा, राजदीप, ती गाडी घेऊन राजनांदगावच्या मंडीत जाणार होता आणि ती त्याच्या शेजारी बसणार होती.

“काढ स्कूटर,” तो म्हणाला आणि खुंटीवरची हातोड्यांची पिशवी त्यानं खांद्याला लावली.

जुन्या गाड्या विकणारा ओमप्रकाश यार्डात पत्र्याच्या सावलीत बसला होता. “आइए बाबूजी! आपकी ही पास की हुई गाड़ी है.”

“मैंने कब पास की? नकली निशान लगाते शरम नहीं आती?”

“नकली?” ओमप्रकाश बसल्या जागेवरून हललासुद्धा नाही. “खुद देख लीजिए.”

टिकाराम गाडीखाली गेला. चेसिसच्या नंबराशेजारीच खूण होती. गोल खाली जरासा उघडा. ट चं शेपूट डावीकडे वळलेलं. खूण नकली नव्हती, त्याच्याच हातची होती. म्हातारपणी डोकं फिरलं की काय? ही गाडी कधी पाहिली आपण?

मग त्यानं हातोडी काढली. नंबरापाशी ठण्ण. केबिनखाली ठण्ण. आणखी हातभर मागे सरकून मारली, तर ठप्प. तिथं डांबरासारखा काळा रंग जाड थापला होता. त्यानं तो हातोडीच्या टोकानं खरवडला. खालून बोटाएवढी जाड वेल्डिंग निघाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तेव्हा त्याला आठवलं. ही दूधवाल्या भय्याजीची गाडी. तीन वर्षांपूर्वी त्यानंच पास केलेली, आणि मागच्या उन्हाळ्यात ट्रकनं मागून धडक दिलेली. मागचा अर्धा भाग पापडासारखा चपटा झाला होता. पुढचा अर्धा तेवढा हा.

तो ओरडतच बाहेर आला. “मुंडकं एकाचं अन् धड दुसऱ्याचं जोडून इकून राहिला का बे? माल भरून निघाली अन् मधातून तुटली तर? बाईचं पोरगं बसणार हाये तिच्यात!”

“निशान तो आपका ही है ना, बाबूजी?” ओमप्रकाश शांतपणे म्हणाला. “हमने झूठ कहाँ बोला?”

चोर तो चोर आणि वर शिरजोर! मागच्या चाकाला अटकाव म्हणून ठेवलेली वीट टिकारामनं उचलली आणि पांढऱ्या बॉनेटवर कचाकचा ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली.

“मले नाई पायजे ही गाडी,” सत्यशीला ओमप्रकाशला म्हणाली. मग हळूच टिकारामकडे वळली. “पन काका, हे तर तो आत्ताच धुऊन टाकन. खालचं तसंच राहीन.”

टिकाराम पिशवीतून कानस काढून, गुडघा धरत पुन्हा खाली गेला. स्वतःच्या हातानं केलेली पिवळी खूण त्यानं जन्मात कधी पुसली नव्हती. पिवळी भुकटी त्याच्या तोंडावर पडत होती, आणि ऑपरेशन केलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“एक मिटाने से क्या होगा?” वरून ओमप्रकाशचा आवाज आला. “पूरे भिलाई में आपका निशान घूम रहा है.”

पोलाद पांढरं चमकेपर्यंत टिकाराम घासत राहिला.

परतताना सिग्नलला स्कूटर थांबली. पुढं एक जुनी पिकअप उभी होती. मागं गहू भरलेली पोती, पोत्यांवर एक बाई आणि तिच्या मांडीवर झोपलेलं पोर.

टिकाराम स्कूटरवरून उतरला. रस्त्यावर गुडघे टेकून त्यानं गाडीखाली डोकं घातलं.

“काका, काय करून राहिले? उठा, सिग्नल सुटला!”

“पिवळं दिसून राहिलं,” तो म्हणाला.

तो उठला, गाडीला वळसा घालून पुढं गेला आणि हातोडी घेऊन पिकअपच्या समोर उभा राहिला.

“गाडी बाजूले घे, भाऊ,” त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. “मले एकदा ठोकून पाहू दे.”

मागून सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते.