शून्य कॉलचा तांडा

कळमनुरीत एका संस्थेच्या कचेरीत साधना आकडे भरायची. संस्थेच्या चार ॲम्ब्युलन्स तालुक्यात उभ्या असायच्या. कोणत्या गावाहून किती कॉल आले, गाडी किती मिनिटांत पोचली, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. काम चोख, कुणी नाव ठेवावं असं नाही.

पुण्याहून संतोष सर आले ते लॅपटॉप घेऊनच. माणूस वाईट नव्हता हो, उगाच खोटं कशाला बोला. नव्या गाड्या मिळणार नाहीत, आहेत त्याच योग्य जागी उभ्या केल्या तर जास्त जीव वाचतील, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्यांनी दीड वर्षाचे आकडे मागितले, साधनानं दिले, गणित सुटलं. जांभळी तांड्याजवळची गाडी वारंगा फाट्यावर हलवायची. फाट्यावर रोजचे अपघात, आणि तांड्यावरून दीड वर्षात कॉल किती? शून्य.

शून्य म्हणे! तीसेक बाळंतिणी त्या गाडीनं दवाखान्यात नेल्या होत्या. पण तांड्याच्या बाया कंट्रोल रूमला फोन करतच नसत. तिकडची पोरगी आधी जिल्हा विचारणार, मग तालुका, मग जवळची खूण. कळा येणाऱ्या बाईनं काय भूगोलाचा पेपर सोडवायचा? त्यापेक्षा ड्रायव्हर थावरा त्यांच्यातलाच. त्याला मिस्ड कॉल दिला की तो गाडी काढायचा. कंट्रोल रूमचा केस नंबर नाही म्हणून नोंद नाही, आणि गाडीचे ते किलोमीटर साधना ‘इतर’मध्ये टाकायची.

थावरानं तिला हे सांगितलं होतं बरं का. आकडे पाठवायच्या दिवशी तो मुद्दाम कचेरीत आला होता. म्हणाला, “ताई, तांड्याचे फोन माह्या मोबाईलवर येऊन राहिले. ते बी धरा की.”

फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, असं ती म्हणाली. वर मनाची समजूत घातली, की नियमाबाहेर गाडी काढल्याचं उघड झालं तर ह्याचीच नोकरी जायची. खरं कारण एवढंच, की फाईल संध्याकाळच्या आत पाठवायची होती आणि तिला कंटाळा आला होता.

गाडी हलली. पोचायला सरासरी एकेचाळीस मिनिटं लागायची, ती सव्वीस झाली. फाट्यावर ट्रकच्या धडकेत सापडलेली दोन माणसं खरोखरच वाचली. संतोष सरांनी पेढे वाटले. साधनानंही खाल्ला.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, तांड्यावरच्या शिलाला कळा सुरू झाल्या आणि रक्त थांबेना. सासू निर्मलाबाईनं सवयीनं थावराला मिस्ड कॉल दिला. तो तेव्हा एका जखमीला घेऊन नांदेडच्या वाटेवर होता. त्यानं उलट फोन करून सांगितलं, कंट्रोल रूमला लावा. लावला. तिकडच्या पोरीला जांभळी तांडा यादीत सापडेना. सापडणार कसा, तिथून कधी कॉलच नव्हता ना! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलेली शिला आखाडा बाळापूरच्या दवाखान्याअलीकडंच गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

साधनाला दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली. निर्मलाबाईनं तिला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

“मावशी, चूक माझी हाय,” साधना म्हणाली. “थावराभाऊनं सांगितलं होतं. मी लिहिलं न्हाई.”

कसलं लिहिणं, निर्मलाबाईला उमगलंच नाही. “लिवून काय व्हतंय बाई? गाडी याया पायजे,” ती म्हणाली. मग आत जाऊन मोबाईल घेऊन आली. “थावराचा नंबर आता कामाचा न्हाई. तुमचा द्या. धाकलीला पाचवा लागलाय.”

माझ्याकडं गाडी नाही, कंट्रोल रूमलाच लावत जा, असं सांगायला हवं होतं. पण ज्या नंबरानं शिला नेली तोच नंबर पुन्हा कोणत्या तोंडानं सांगायचा? धाकटी सून दारात पोटावर हात ठेवून उभी होती.

साधनानं आपला नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश. निर्मलाबाईनं थावराचा नंबर काढला आणि त्या जागी तो घातला.